आखाजीला कोण आलं नाही?

प्रश्न

(ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

सातपुड्याच्या पायथ्याच्या एका गावातल्या अंगणवाडी सेविकेचं पत्र आहे. गावातली एक मुलगी दोन वर्षांपूर्वी आखाजीनंतर (अक्षय्य तृतीयेनंतर) आठ दिवसांत लग्न लावून राजस्थानात दिली. अठरा पूर्ण व्हायला तिला तेव्हा दीड वर्ष बाकी होतं. स्थळ आणलं नात्यातल्याच एका बाईने. वडिलांना एक लाख रुपये मिळाले, त्यात कर्ज फिटलं. मागच्या महिन्यात ती एकटीच सुरतमार्गे पॅसेंजरने परत आली, अंगावरच्या कपड्यांनिशी. मारहाण, घराबाहेर पडायला बंदी, नवऱ्याच्या भावाचा त्रास, एवढंच ती ताईंशी बोलली आहे. आता तिकडून फोन येतात, ‘पैसे परत करा, नाहीतर मुलगी पाठवा.’ स्थळ आणणारी बाई गावातच राहते.

ताईंनी ३० जुलैला, म्हणजे मानवी तस्करीविरोधी जागतिक दिनाला, गावात जनजागृतीचा कार्यक्रम ठेवला आहे. त्यात या मुलीने व्यासपीठावरून आपला अनुभव सांगावा असं त्यांना वाटतं. पत्रिका छापायला गेली आहे. मुलगी हो म्हणत नाही, नाही म्हणत नाही. आई ‘नको’ म्हणते. सरपंचांना गावाच्या बदनामीची काळजी. ताई विचारतात, ‘एकीच्या सांगण्याने दहा मुली वाचणार असतील, तर तिला तयार करायला नको का? आणि लग्न तर रीतसर लागलं होतं, मग याला तस्करी म्हणता येईल का?’

उत्तर

ताई, आधी तुमचा दुसरा प्रश्न घेऊ. पहिल्याचं उत्तर त्यातूनच निघतं.

लग्न लागलं म्हणून तस्करी पुसली जात नाही. कायदा तीन गोष्टी बघतो. माणसाला कोणी नेलं, पाठवलं, दुसऱ्याकडे सोपवलं किंवा ठेवून घेतलं. त्यासाठी काय वापरलं: धाक, फसवणूक, की तिच्यावर ज्याचा ताबा आहे त्याचा होकार मिळवायला दिलेले पैसे. आणि हे सगळं केलं कशासाठी, शोषणासाठी का. यातल्या दुसऱ्या गोष्टीतले ‘ताबा असलेल्याला दिलेले पैसे’ म्हणजे तुमच्या गावात वडिलांच्या हातात पडलेले एक लाख. भारतीय न्याय संहितेचं कलम १४३ ते हेच. गुन्हा १ जुलै २०२४ च्या आधीचा असेल तर जुन्या भारतीय दंड संहितेचं ३७० लागतं, अर्थ तोच. अठरा वर्षांखालच्या मुलीच्या बाबतीत शिक्षा किमान दहा वर्षं, जास्तीत जास्त जन्मठेप. ‘ती तर हसत गाडीत बसली होती’ हे वाक्य गावात फार ऐकू येईल. कायद्यात त्याला किंमत नाही, कारण तिची संमती होती की नव्हती याने गुन्हा ठरत नाही असं त्याच कलमाच्या स्पष्टीकरणात लिहिलेलं आहे.

आणि ‘रीतसर’ म्हणाल, तर बालविवाह प्रतिबंध कायदा २००६ चं कलम १२ वाचून घ्या. साधा बालविवाह कोर्टात जाऊन रद्द करून घ्यावा लागतो. पण अल्पवयीन मुलीला फसवून, जबरदस्तीने किंवा विकून लग्न लावलं असेल, तर ते लग्न मुळातूनच शून्य असतं. म्हणजे ‘नवरा सोडून पळून आलेली’ हे तिला लावलेलं बिरूद कायद्याच्या दृष्टीनेही खोटं आहे. गावात हे शब्द कानावर आले की तिथल्या तिथे दुरुस्त करायचं काम तुमचं.

आता देजाचा मुद्दा. तुमच्या पत्रात ‘आमच्यात मुलाकडच्यांनी पैसे देणं काही नवं नाही’ असं एक वाक्य आहे. पावरा आणि भिल्ल समाजात देज, म्हणजे मुलाकडच्यांनी मुलीच्या घरी द्यायची रक्कम, आहे, आणि दलाल याच रिवाजाच्या आड उभे राहतात. म्हणून दोन्हीतला फरक गावातल्या प्रत्येकाला ओळखता आला पाहिजे. देज पंचांसमोर ठरतं, चार माणसांना आकडा माहीत असतो. दोन्ही घरं एकमेकांच्या येण्याजाण्याच्या टापूत असतात. मुलीचं माहेरी येणंजाणं सुरू राहतं. जमलं नाही तर ती परत येते आणि देजाचा हिशेब पंच बसून मिटवतात. विक्रीत यातलं काही नसतं. आकडा बापाला एक सांगितलेला, समोरच्याकडून घेतलेला भलताच, मधला दलालाच्या खिशात. लग्न ‘तिकडेच’, देवळात, दोन-चार माणसांत, खर्च सगळा त्यांचा. सोबत स्टॅम्प पेपरवर नोटरी केलेला कागद. तो कागद म्हणजे विवाह नोंदणी नव्हे, त्याचा उपयोग फक्त घाबरवायला होतो. देज चांगलं की वाईट हा वाद या कार्यक्रमात काढू नका. तो काढला की अर्धं गाव रिवाजाच्या बाजूने उभं राहील आणि दलाल त्यांच्या मागे लपेल.

पुढचा भाग कठीण आहे, पण तुमच्यापासून तो लपवून चालणार नाही. मुलगी त्या वेळी अल्पवयीन होती. तिच्यावर लैंगिक अत्याचार झाला हे तुम्हाला कळलेलं आहे. पोक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याच्या कलम १९ प्रमाणे हे कळलेल्या कोणत्याही माणसाने पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. न कळवल्यास कलम २१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड. ती आता अठराच्या वर आहे म्हणून हे बंधन सुटत नाही. दुसऱ्या बाजूला, तिने अजून ‘तक्रार करायची’ असं म्हटलेलं नाही, आणि तक्रार झाली तर तिचे वडील आरोपी होऊ शकतात. तिच्या गप्प बसण्यात लाजेपेक्षा ही भीती जास्त असेल, असा माझा कयास आहे. आई ‘नको’ म्हणते त्यातही तेच असावं.

इथे क्रम महत्त्वाचा. आधी वकील, मग तिला नीट समजावणं, मग पोलीस ठाणं. आणि हे सगळं दोन-चार दिवसांत, महिने घालवून नाही. तालुक्याच्या कोर्टाच्या आवारात तालुका विधी सेवा समितीचं कार्यालय असतं. फोन करायचा तर १५१००. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ च्या कलम १२ मध्ये मोफत वकील कोणाला मिळतो त्याची यादी आहे, त्यात स्त्रिया आहेत, अनुसूचित जमाती आहेत आणि तस्करीतून सुटलेली व्यक्ती असा वेगळा उल्लेखही आहे. म्हणजे ती तीन-तीन कारणांनी पात्र ठरते, उत्पन्नाचा दाखला लागत नाही. वकिलाशी बोलताना तिच्यासोबत तुम्ही बसा, आईवडील नकोत. वडिलांचं काय होईल हे तिने स्वतः विचारावं आणि वकिलाने खरं तेच सांगावं. खोटा दिलासा नको. तो पुढे साक्षीच्या वेळी उलटतो.

पोलीस ठाण्यात काय बिघडतं तेही सांगते. अशा बहुतेक प्रकरणांचा शेवट एका ओळीत होतो: ‘मिसिंग मिळून आली, स्वखुशीने गेली होती असा जबाब दिला.’ हा जबाब कधी घेतला जातो? वडील शेजारी उभे असतात, स्थळ आणणारी बाई बाहेर बाकावर असते, मुलगी दोन रात्री झोपलेली नसते, तेव्हा. म्हणून जाण्याआधी तिला जेवू-झोपू द्या, सोबत विधी स्वयंसेवक न्या, आणि जबाब महिला अधिकाऱ्याने घ्यावा असा आग्रह धरा. ती पावरी किंवा अहिराणीत बोलणार असेल तर तिचे शब्द तसेच लिहून घ्यायला सांगा. ‘मला कोंडेल व्हतं’ याचं ‘घरगुती वाद झाले’ असं भाषांतर झालं की केस तिथेच संपते. सही करण्याआधी जबाब वाचून दाखवायला लावा.

‘गुन्हा राजस्थानातला आहे, तिकडे जा’ असं म्हणाले, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ खाली गुन्हा कुठेही घडलेला असो, नोंदवून घ्यावाच लागतो. ‘झीरो एफआयआर’ म्हणतात तो हाच. तसंही तिला सोपवण्याचा प्रकार तुमच्याच गावात घडला आहे. एफआयआरची प्रत मोफत आणि लगेच मिळते, ती हातात आल्याशिवाय उठू नका. नोंदच घेतली नाही तर पोलीस अधीक्षकांना लेखी अर्ज रजिस्टर पोस्टाने पाठवा. न्याय संहितेच्या कलम १९९ मध्ये, १४३ आणि १४४ खालची माहिती नोंदवायला नकार देणाऱ्या लोकसेवकाला किमान सहा महिने सक्तमजुरी सांगितली आहे. हे कलम भांडून दाखवायची गरज नसते, अर्जात आकडा लिहिला तरी पुरतं. जिल्ह्याला अनैतिक मानवी वाहतूक प्रतिबंधक कक्ष असतो, अर्जाची एक प्रत तिकडे द्या.

तिकडून येणारे फोन उचलायचे, बोलणं रेकॉर्ड करायचं, शब्द द्यायचा नाही. माणसाच्या किमतीचे पैसे कोणत्याही कोर्टात वसूल होत नाहीत, त्यामुळे ‘परत करायचे एक लाख’ असं काही देणं नाहीच. वडिलांना हे पटायला वेळ लागेल. जातीतली माणसं बसून ‘पैसे द्या, नाहीतर वाळीत’ असं ठरवू लागली, तर महाराष्ट्राचा २०१६ चा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा आहे, त्याचं नाव पोलीस पाटलांच्या तोंडून एकदा निघालं तरी बैठकीचा सूर बदलतो. आणि नात्यातली बाई तिच्या आसपास फिरकणार नाही एवढं बघा. साक्षीदाराला धोका असेल तर संरक्षणासाठी अर्ज करता येतो, तो वकिलाकडून करून घ्या.

दवाखान्याचं आता. रुग्णालय सरकारी असो वा खासगी, लैंगिक अत्याचार झालेल्या स्त्रीवर मोफत उपचार करणं त्यांच्यावर बंधनकारक आहे. ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात गर्भ, हिमोग्लोबिन, एचआयव्ही, सिफिलीस आणि कावीळ ब या तपासण्या सांगा. एचआयव्हीची तपासणी एकदा नकारार्थी आली तरी शेवटच्या संबंधापासून तीन महिन्यांनी पुन्हा करायची, हे बहुतेक वेळा राहून जातं. (इतर वाचकांसाठी: घटना ताजी असेल, तर एचआयव्ही टाळणारी औषधं ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात आणि २८ दिवस घ्यावी लागतात. त्या वेळी आधी दवाखाना, मग बाकी सगळं.) घरात राहणं तिला जड जात असेल तर जिल्ह्याच्या सखी वन स्टॉप सेंटरमध्ये पाच दिवसांपर्यंत राहता येतं, तिथे समुपदेशन आणि कायद्याची मदत एकाच छताखाली मिळते. १८१ वर फोन केला की पत्ता मिळतो. पुढची सोय लागली तर शक्ती सदन हे सरकारी निवारागृह आहे. पण तिला विचारून. दोन वर्षं कोंडलेल्या मुलीला ‘तुझ्या भल्यासाठी’ म्हणून दुसऱ्या कुलुपामागे ठेवायचं नाही.

एफआयआर झाल्यावर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे मनोधैर्य या आर्थिक मदतीच्या योजनेचा अर्ज करा. त्याआधी बँकेत तिच्या एकटीच्या नावाचं खातं उघडा. मदतीची रक्कम वडिलांच्या खात्यात गेली, की ती परत कर्जात जाते. आधार तिकडेच राहिलं असेल तर ई-सेवा केंद्रावर बोटाच्या ठशावरून पुन्हा निघतं. ते काढताना जन्मतारीख नीट बघा. लग्नाआधी ती कोणी वाढवून घेतली असेल, तर तोही पुरावा आहे. शाळेचा दाखला काढून ठेवा, वयासाठी कोर्ट तोच आधी बघतं. शिकायचं असेल तर १७ नंबरचा फॉर्म भरून दहावी बाहेरून देता येते. लगेच शिलाई मशीन आणून देऊ नका. मदत म्हटलं की आपल्याला शिलाई मशीनच सुचतं. तिला काय करावंसं वाटतं ते दोन महिन्यांनी विचारा, आज तिला ते सांगता येणार नाही.

आता तुमचा पहिला प्रश्न. ‘एकीच्या सांगण्याने दहा वाचतील.’ तळमळीतून आलेलं वाक्य आहे, त्याबद्दल शंका नाही. पण त्यात एक गोष्ट गृहीत धरली आहे. मुली फसतात कारण त्यांना अशा गोष्टी घडतात हे माहीत नसतं, असं आपण धरून चालतो. तुमच्या गावात कोणाला माहीत नव्हतं? तिला नेलं त्या आठ दिवसांत लोकांच्या मनात शंका आली नसेल का? आली असणार. विचारलं मात्र कोणी नाही, कारण ‘त्यांच्या घरचा प्रश्न’.

मग दहा मुली वाचायच्या असतील तर त्या व्यासपीठाकडे बघून ठरवणार नाहीत. त्या बघतील परत आलेल्या मुलीला. ती हापशावर आली की बायका गप्प होतात का, हळदीकुंकवाला तिला बोलावतात का, तिच्या लहान बहिणीचं स्थळ मोडलं का. ‘ती ईकेल पोर’ (विकलेली पोर) असं कोणी तिच्या मागे म्हणतं, तेव्हा ते फक्त तिच्या कानावर पडत नाही. ओट्यावर बसलेल्या चौदा वर्षांच्या मुलीलाही कळतं, की अडकलं तर घरी फोन करण्यात अर्थ नाही, परत आलं तरी हेच. उद्या कुठल्या परक्या गावात हातात वीस सेकंदांपुरता कोणाचा मोबाईल आला, तर ती फोन लावेल की नाही, हे तुमच्या गावात आज ठरतंय. म्हणून या मुलीचं व्यासपीठावर येणं नव्हे, तिचं गावात साधेपणाने वावरणं हीच तुमची खरी जनजागृती आहे.

व्यासपीठाचे धोके वेगळेच. ती जे बोलेल ते कोणीतरी मोबाईलवर घेणार, संध्याकाळपर्यंत ते राजस्थानात पोचणार. उद्या कोर्टात आरोपीचा वकील तोच व्हिडिओ लावून जबाबातला आणि त्यातला फरक काढणार. शिवाय लैंगिक अत्याचार झालेल्या स्त्रीची, आणि पोक्सोच्या प्रकरणातल्या मुलीची, ओळख उघड करणं हा स्वतंत्र गुन्हा आहे. पत्रिकेवर नाव छापणं त्यात येतं. आणि ती हो-नाही काहीच म्हणत नाही याचा अर्थ ‘नाही’ असा घ्या. दोन वर्षं तिच्या ‘नाही’ला किंमत नव्हती. पाच-दहा वर्षांनी तिला स्वतःहून बोलावंसं वाटलं तर तिने जरूर बोलावं, तो दिवस तिचा.

तिच्याशिवाय कार्यक्रम उभा राहणार नाही ही भीती सोडा. उलट तो जास्त उपयोगी होईल. काय करायचं ते सांगते.

पहिली गोष्ट म्हणजे साखळदंड, काळी गाडी, तोंडावर रुमाल अशी चित्रं भिंतीवर लावू नका. ती बघून मुलींना वाटतं, धोका असा दिसतो. तुमच्याकडे धोका साडी-चोळी घेऊन येतो, माहेरच्या ओळखीने येतो, ‘माय’ म्हणत ओट्यावर बसतो. छोटं प्रहसन करा, पावरी किंवा अहिराणीत, गोष्ट पूर्ण कल्पित ठेवा आणि गाव, आकडा, नातं काहीही या मुलीशी जुळू देऊ नका. प्रहसन स्थळ येतं तिथे थांबवा आणि समोरच्या बायकांना विचारा, ‘आता काय विचाराल?’ प्रश्न त्यांच्याच तोंडून येऊ द्या. हे यायला हवेत: मुलाचं गाव कुठलं, तिथल्या पोलीस ठाण्याचा नंबर काय, आणि तो मध्यस्थाने न देता आपण शोधलेला आहे का? घर बघायला कोण गेलं, त्यात बाई होती का, न सांगता गेले का? मध्यस्थ किती घेतोय, कोणाकडून? एवढी घाई का? लग्न इथे, आपल्या मांडवात का नको? शेवटच्या प्रश्नावर बरीच स्थळं पळतात.

दुसरी गोष्ट मुलींसाठी, आणि ती पाठांतराची आहे. सासरी मोबाईल आधी काढून घेतला जातो. मोबाईलमध्ये साठवलेला नंबर तेव्हा मेलेला असतो. प्रत्येक मुलीला घरचा एक, घराबाहेरच्या विश्वासाच्या माणसाचा एक असे दोन नंबर तोंडपाठ पाहिजेत. तिसरा ११२, तो कुठल्याही राज्यातून लागतो, आणि अठराखालच्यांसाठी १०९८. मग तो वीस सेकंदांचा फोन आला तर इकडे उचलणाऱ्याने काय करायचं याचा सराव करा. ‘कशी आहेस, का गं रडतेस’ यात वेळ जातो. पहिला प्रश्न हा: ‘समोर उभ्या गाडीचा नंबर वाच.’ आपलं एमएच १९ म्हणजे जळगाव, १८ धुळे, ३९ नंदुरबार, तसंच तिकडचं. जीजे ०५ असेल तर सुरत. पहिल्या चार अक्षर-अंकांत राज्य आणि जिल्हा कळतो. दुसरा प्रश्न दुकानाच्या पाटीवरचं गाव. तिसरा, रेल्वेचा आवाज येतो का, स्टेशन कुठलं. ती हिंदी-गुजराती पाटी वाचू शकत नसेल तरी गाडीवरचे अंक वाचू शकते. हा सराव शाळेत खेळासारखा घ्या, मुलं हौसेने करतात.

तिसरी गोष्ट पुरुषांसाठी. काळीपिवळीचे चालक, मांडववाले, बॅण्डवाले, फोटोग्राफर, पुजारी, ई-सेवा केंद्र चालवणारा मुलगा यांना पुढच्या रांगेत बसवा. बालविवाह लावणाऱ्याला, त्यात सामील होणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड आहे, हे ग्रामसेवकाने स्वतः सांगावं, कारण बालविवाह प्रतिबंधक अधिकारी तेच आहेत. सरपंचांच्या काळजीचं उत्तरही इथेच आहे. ग्राम बाल संरक्षण समितीचे अध्यक्ष ते, सदस्य सचिव तुम्ही. समितीची बैठक घेऊन कार्यक्रम समितीच्या नावाने करा. गावाने दलाल पकडला ही बातमी आली तर तिला बदनामी कोण म्हणेल?

आणि आता ती गोष्ट, जिच्यामुळे मला हे उत्तर लांबवावंसं वाटलं. आपल्याकडे लेक आखाजीला माहेरी येते. झोके बांधले जातात, गौराई बसते, सासरहून आलेल्या मुलींनी गल्ली भरते. प्रत्येक आईला त्या दिवशी माहीत असतं कोणाची आली, कोणाची नाही. ही आयती गणती आहे, ती वहीवर आणा. परजिल्ह्यात, परराज्यात दिलेल्या मुलींची यादी अंगणवाडीत ठेवा: नाव, कोणत्या साली दिली, गाव, तालुका, पिन कोड, तिकडचं पोलीस ठाणं, मध्यस्थ. आखाजीला जी आली नाही तिला फोन, आणि बोलायचं तिच्याशी, नवऱ्याशी नाही. ‘ती कामात आहे’ असं तीनदा ऐकू आलं तर माहेरच्या दोघांनी जाऊन यायचं. गेलेल्यांना भेटू दिलं नाही तर तिथल्या तिथे ११२. तीन महिन्यांनी, श्रावणात कानबाईच्या सणाला, पुन्हा तीच वही उघडायची. दिवाळीनंतर ऊसतोडीला, वीटभट्टीला जाणाऱ्या कुटुंबांची नोंद शेजारच्या पानावर: मुकादम कोण, उचल किती, कुठल्या कारखान्याकडे. उचलीपायी कोणी अडकवून ठेवलं तर वेठबिगारीचा १९७६ चा कायदा आहे, त्यात जिल्हाधिकाऱ्यांकडून मुक्तीचा दाखला मिळतो आणि उचल कायद्यानेच संपते.

याच यादीची दुसरी बाजूही लिहा, ताई. २०११ च्या जनगणनेत जळगाव जिल्ह्यात शून्य ते सहा वयाच्या हजार मुलांमागे मुली होत्या ८४२. ती मुलं आता लग्नाच्या वयाला येऊ लागली आहेत. आपल्या मुली बाहेर नेल्या जातात एवढंच आपण बोलतो. पण खान्देशातल्या खेड्यांत दुरून, भलत्याच भाषेच्या मुलखातून आणलेल्या सुनाही आहेत, ज्यांचं माहेर कोणी बघितलेलं नाही आणि ज्या सणाला कुठेच जात नाहीत. तुमच्या गावात अशी कोणी असेल, तर ती कोणाच्या तरी गावातली आखाजीला न आलेली लेक आहे. तिच्या दाराशी जा. पोषण आहाराच्या निमित्ताने तुम्हाला कुठल्याही घरात जाता येतं, हे पोलिसांनाही जमत नाही. एकटी गाठून विचारा, आईशी शेवटचं कधी बोललीस, बोलायचंय का. आधी फक्त एवढंच. ती सुखात असेल तर तिला माहेरची माणसं भेटल्याचा आनंद होईल. नसेल तर पुढचं तिने सांगायचं, आणि वर लिहिलेला क्रम तिलाही तसाच लागू आहे.

राहिली तुमच्याकडची मुलगी. तिला कार्यक्रमाला ‘ये’ म्हणू नका, ‘येऊ नको’ असंही म्हणू नका. त्या आधी एखाद्या संध्याकाळी ‘ये माय, चहा पेवाले’ म्हणून हाक मारा आणि तिकडचं काहीही विचारू नका. पेरणीचं बोला, पिक्चरचं बोला. नाही आली तर चार दिवसांनी पुन्हा हाक मारा.

आणि पत्रिका. छापखान्यात आजच फोन करा. छापून झाल्या असतील तर घरी आणून चुलीत घाला, एकही वाटू नका, नावावर काळी पट्टी ओढूनही नको, कारण पट्टीखाली कोण हे सगळं गाव ओळखेल. नव्या छापायचे पैसे बचत गटातून घ्या.